मोठ्या बाईंचं कौतुक

मोठ्या बाई तान्ह्या बाळांना अहो-जाहो करायच्या आणि सत्तरीच्या आजोबांना अरे-तुरे. मी केंद्रात हजर झाले त्या दिवशी त्या चार महिन्यांच्या एका गृहस्थांपुढे वाकून उभ्या होत्या. "आवं, तोंड उघडता का जरा? आमी जीभ बगतो आन् लगीच जातो." गृहस्थांनी तोंड उघडलं ते भोकाड पसरायला. "लय उपकार झालं," म्हणत बाईंनी तेवढ्यात जीभ पाहून घेतली. बाळाचे आजोबा दारात तोंडात विडी धरून मिशीला पीळ देत उभे होते. त्यांच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आन् तू रं? ती इडी भाईर टाकून ये आदी."

मी सांगलीची, शहरात वाढलेली. नर्सिंगचा कोर्स नुकताच संपवलेला, वय एकवीस. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि माझी पहिली नेमणूक पलूसजवळच्या एका कृष्णाकाठच्या गावात झाली होती. काम बाळंतिणी आणि लहान मुलं, एवढंच. डॉक्टर आठवड्यातून एकदा येत, तेही वाट चुकल्यासारखे. बाकीचे दिवस आम्ही दोघीच. म्हणून गावानं त्यांना 'मोठ्या बाई' आणि मला 'धाकट्या बाई' करून टाकलं. स्वतः बाई मला 'सांगलीकर' म्हणायच्या.

अंगात पांढरं पातळ, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि कमरेला सेफ्टी पिनांचा हा एवढा घोस. समोर लोंबणारं काही दिसलं की बाई पिन लावत. बाळाचा लंगोट, आईचा फाटका पदर, केंद्राचा पडदा. एकदा तलाठ्याच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं होतं. तो बोलत असताना, त्याचं बोलणं न थांबवता, त्याच्या पोटावर पिन लावून मोकळ्या झाल्या.

बाळांना अहो का म्हणता, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"पावणी हाईत ती," बाई म्हणाल्या. "आत्ताच आल्यात. घर कसलं हाय, मान्सं कसली हाईत, ऱ्हायाचं का माघारी जायाचं, ह्येचा इचार करत्यात. अशा टायमाला कुनी अरे-तुरे केलं तर ऱ्हातील का?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

बाळ वर्षाचं झालं की मात्र बाई त्याच्या कुल्ल्यावर हलकी चापट मारायच्या. "झालं! आजपास्नं तू घरचा. ऊठ, पानी आन." ते उठत नसे, पाणीही आणत नसे, पण आयांना फार बरं वाटायचं. माझ्या नोकरीला वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी सकाळी बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाल्या, "सांगलीकर, वरीस झालं तुजं. जा, बादली भरून आन." तोवर मला कळलंच नव्हतं की आपल्यालाही पाहुण्यांत धरलेलं आहे.

बाई मूळच्या शिराळ्याकडच्या. वडील पलटणीत होते. पहिल्या महायुद्धातून ते एक चामडी पट्टा आणि 'शिकल्याशिवाय गत न्हाई' एवढं वाक्य घेऊन परत आले, आणि लेक सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर तिला साताऱ्यात एका मडमेच्या हवाली करून मोकळे झाले. मडमेनं तिथे बाळांचं केंद्र काढलं होतं. पत्र्याच्या टबात रबरी बाहुली धुऊन ती बायांना बाळ कसं धुवायचं ते दाखवायची, आणि बाया बाहुलीकडे न बघता मडमेच्या टोपीकडे बघायच्या. दुसरं महायुद्ध लागलं तेव्हा मडम विलायतेला गेली ती गेलीच. बाहुली बाईंकडे राहिली. तिचा एक डोळा गेला होता आणि डोक्यात पाणी साचायचं. आम्ही अंघोळ दाखवायला लागलो की डोळ्याच्या भोकातून बारीक धार लागायची. बाया हळहळायच्या, "बिचारी रडाय लागली वो!"

मडमेची शिकवण बाईंनी चाळीस वर्षं जपली होती. तिची पहिली आज्ञा: बाळाला घड्याळ लावून पाजायचं, दर चार तासांनी, मिनिटाचा फरक चालायचा नाही. आता गावात घड्याळं होती चार, आणि त्यांच्यात आपसांत पटत नव्हतं. बाईंनी त्यावर तोडगा काढला. गावाला रेल्वेचं स्टेशन होतं. सकाळची मालगाडी गेली की पाजायचं, मिरजेकडे जाणारी दुपारची गाडी शिट्टी देईल तेव्हा पाजायचं, कराडकडे जाणारी आली की पुन्हा. आयाही शहाण्या, पाजायच्या पोर रडलं की, आणि बाई वाड्या-वस्त्या फिरायला आल्या की म्हणायच्या, "व्हय तर, गाडीवरच पाजतोय."

पण एक दिवस बाईंनी समोर उभं राहून पाजून घेण्याचा कार्यक्रम ठेवला. केंद्राच्या अंगणात बारा-पंधरा आया बाळं घेऊन बसल्या. सगळे मिरजेच्या गाडीची वाट बघतायत आणि गाडी येईना. पाऊण तास झाला. पहिलं बाळ रडलं, त्याचं ऐकून दुसरं, मग सगळ्यांनीच सूर लावला. आया बाईंकडे बघतायत, बाई रुळांकडे. शेवटी बाई उठल्या, एक रडतं बाळ उचललं आणि तरातरा स्टेशनात शिरल्या. मी मागे धावले.

स्टेशनमास्तर कानडी मुलखातले, स्वभावानं गरीब. जेवणाचा डबा उघडून बसले होते. बाईंनी ते बाळ त्यांच्या टेबलावर, डब्याच्या शेजारी ठेवलं.

"गाडी कुटं हाय रं तुजी?"

"मागच्या स्टेशनात थांबली आहे, बाई."

"आन् ही हितं उपाशी हाईत! बारा जनं हाईत. त्यास्नी काय सांगू? डबल लाईन झाल्यावर पाजतो म्हनून?"

"मी काय करणार बाई, इंजिन माझ्या हातात आहे का?"

"हातात न्हाई? मग हिरवं फडकं कशापायी फडकवतोस?"

मास्तरांनी बिचाऱ्यांनी भाकरीचा तुकडा बाळापुढे केला. बाळानं तो झिडकारला. तेवढ्यात त्याची आई धापा टाकत आली, तिकीट-खिडकीखाली फतकल मारून बसली आणि बाळाला पदराखाली घेतलं. आरडाओरडा एकदम थांबला. बाई कितीतरी वेळ त्या बाळाच्या हलणाऱ्या गालाकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगलीकर, जा, समद्यांस्नी सांग. रडलं की पाजा." बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "मडमेला पोर न्हवतं गं. आन् विलायतेतल्या गाड्या टायमावर असत्यात."

इतक्या वर्षांची आज्ञा त्या दिवशी फलाटावर संपली. पण दुसरी एक गोष्ट बाईंनी मडमेकडून नव्हे, स्वतःच्या डोक्यातून काढली होती, आणि तीच त्यांच्या अंगाशी यायची होती.

केंद्राच्या ओसरीत वाशाला एक ताणकाटा टांगलेला होता आणि त्याच्या हुकाला झोळी. दर बुधवारी बाळांची वजनं व्हायची. म्हणजे व्हायला हवी होती. बाईंच्या सुरुवातीच्या काळात कोणी झोळीत बाळ घालायला तयार नसे. चारचौघांत वजनाचा आकडा उच्चारला की नजर लागते, अशी सगळ्यांची खात्री. मग बाईंनी युक्ती केली. काट्याकडे बघायचं, खरा आकडा सोबतच्या नर्सच्या, म्हणजे आता माझ्या, कानात सांगायचा, तो तिनं वहीत लिहायचा, आणि मोठ्यानं भलतंच बोलायचं.

"आगागागा! आवं, तुमी मान्सात मोडता का उंदरात? दीड किलो! गुऱ्हाळातलं चिपाड बरं तुमच्यापरीस!"

झोळीतले साडेसात किलोचे गृहस्थ खिदळायचे आणि आईचा चेहरा फुलायचा. नजर लागायचा प्रश्नच मिटला. बुधवारी ओसरीत पाय ठेवायला जागा राहिना. हळूहळू गावाला ती भाषाच कळायला लागली. शिवी जितकी जोरदार तितकं बाळ छान. एकदा एक आई रडवेली होऊन भांडायला आली. "मोठ्या बाई, माज्या जावंच्या पोरीला तुमी वाळल्याली शेवग्याची शेंग म्हनला. आन् माज्या पोराला नुसतं 'बरं हाय'? आमी काय केलंय तुमचं?" बाईंनी तिच्या पोराला तिथल्या तिथे पालीचं पिल्लू म्हटलं, तेव्हा ती डोळे पुसून घरी गेली.

गावात रंगूआज्जी म्हणून एक बाई होत्या. मुलगा पलटणीत, लांब सरहद्दीवर. तीन नातींवर हा पहिला नातू झाला होता. आज्जी त्याला सुनेच्या हातातसुद्धा धड देत नसत. सुनेचं दूध 'जड' आहे असं आज्जींनी ठरवलं होतं, म्हणून त्याला एक वाटी दूध आणि तीन वाट्या पाणी असं बाटलीनं पाजत होत्या. सहाव्या महिन्यानंतर बाळ उतरायला लागलं. त्यात त्याला हगवण लागली. सातव्या महिन्यात त्याला झोळीत घातलं तेव्हा काटा साडेचारच्या पुढे जाईना. मांड्यांची कातडी सैल लोंबत होती, डोळे आत गेलेले.

बाईंनी मला आकडा सांगितला. मग नेहमीसारखं मोठ्यानं नाही, साध्या आवाजात म्हणाल्या, "रंगूआज्जी, पावणं वाळाय लागल्यात. आजच मिरजंला मोठ्या दवाखान्यात न्या."

आज्जींचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "ऐकलं का गं?" त्या सगळ्या ओसरीला म्हणाल्या. "वाळाय लागला म्हनं! माजं सोनं गुटगुटीत झालं बरं का!"

"आवं आज्जी, मी खरं बोलतोय!"

"व्हय व्हय, खरं बोला, आनी बोला!" आज्जी हसत हसत नातवाला घेऊन चालू लागल्या.

संध्याकाळी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. बाईंनी वही दाखवली. आज्जींना वाचता येत नव्हतं. बाईंनी शपथ घेतली. आज्जींना वाटलं, नाटक फारच रंगात आलंय. सून दाराआड उभी राहून डोळ्याला पदर लावत होती, पण सासूपुढे बोलायची तिची टाप नव्हती. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आज्जींनी आम्हाला शिराच खाऊ घातला, नातवाला इतकं वाईट म्हटल्याबद्दल.

परत येताना बाई वाटेत एका बांधावर बसल्या. "वरसानुवरसं खोटं बोललो गं मी," त्या म्हणाल्या. "आता खरं बोलाय गेलो तर जीबच ऐकत न्हाई." मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवस त्यांनी कोणाला पिनसुद्धा लावली नाही.

त्याच रविवारी गावात सुदृढ बालक स्पर्धा होती. जिल्ह्याहून साहेब येणार म्हणून शाळेच्या पटांगणात मांडव, टेबलावर फुलदाणी, झाडाला बांधलेला कर्णा. बक्षीस झबलं-टोपडं आणि चांदीचा मुलामा दिलेला खुळखुळा. परीक्षक मोठ्या बाई. पहिला नंबर कोणाचा, यात शंका नव्हती. सरपंचांचे नातू आठ महिन्यांचे होते आणि इतके सुदृढ, की त्यांना झोळीत घातलं की वासा करकरायचा.

रंगूआज्जीही नातवाला दुपट्यात गुंडाळून, तोंड झाकून पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. मोठ्या बाईंनी आपल्या नातवाला गावात सर्वांत वाईट म्हटलंय, तेव्हा खुळखुळा आपलाच, असा त्यांचा सरळ हिशेब.

साहेबांचं भाषण झालं. बाई माइकपुढे उभ्या राहिल्या.

"पैला नंबर," त्या म्हणाल्या आणि सरपंच पटका सावरून उठले, "रंगूआज्जींचा नातू!"

सरपंच अर्धवट उठलेले तसेच राहिले. आज्जी हसत उभ्या राहिल्या. बाईंनी बाळाला त्यांच्या हातातून घेतलं, दुपटं बाजूला केलं आणि सगळ्या पटांगणाला दिसेल असं उंच धरलं.

"बगा! डोळं भरून बगा समद्यांनी! कसलं गोरंगोमटं, गुबगुबीत बाळ हाय! काय ते गाल! काय त्या मांड्या! असं देखनं पोर पंचक्रोशीत न्हाई! सोन्याचा तुकडा हाय नुसता!"

कर्ण्यातून ते शब्द नदीपलीकडे गेले असतील. मोठ्या बाईंच्या तोंडून, इतक्या वर्षांत, एकाही बाळाचं कौतुक कोणी ऐकलं नव्हतं. एका म्हातारीनं आपल्या नातीच्या तोंडावर पदर टाकला. मग दुसरीनं टाकला. रंगूआज्जी दुपट्याकडे झेपावल्या.

"आवं बाई, काय बोलताय ह्ये! गप ऱ्हावा!"

"का गप ऱ्हाऊ? आसं बाळ बगून कोन गप ऱ्हाईल? आवं, डोळं बगा त्याचं, कसं मोत्यावानी..."

"द्रिष्ट लावली! सटवीनं द्रिष्ट लावली माज्या पोराला!" आज्जींनी नातू हिसकावून घेतला आणि मांडवाचा एक खांब हलवून घराकडे पळत सुटल्या. मागून सून. त्यांच्या मागून बाई. बाईंच्या मागून मी.

"थांबा!" साहेब ओरडले. "त्या मुलाला पहिला नंबर? तुम्हाला दिसत नाही का तो कसा आहे?"

"दिसतंय की साहेब!" बाई पळता पळता म्हणाल्या. "म्हनून तर!"

आम्ही पोचलो तोवर आज्जींनी मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन नातवावरून ओवाळायला सुरुवात केली होती. बाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"आज्जी, त्यानं काय बी हुनार न्हाई."

"का हुनार न्हाई? सात येळा उतरीन!"

"सत्तर येळा उतरा. माजी नजर साधी न्हवं. साताऱ्याच्या मडमेच्या हाताखाली तयार झाल्याली हाय. विलायती नजर. तिला मीठ-मवऱ्या कळत न्हाईत."

आज्जींची मूठ हवेतच थांबली. "मग... मग काय कळतं तिला?"

"मिरजंचा डाक्टर. सुई आन् सलाईन. दुसऱ्या कशाला दाद देत न्हाई ती."

आज्जींनी एक क्षण बाईंकडे पाहिलं. ते पाहणं मला आजही आठवतं. मग मूठ चुलीत झाडली आणि ओरडल्या, "सूनबाई, पिशवी भर! उबी काय ऱ्हायलीस?"

मिरजेची गाडी त्या दिवशी नेमकी वेळेवर आली होती आणि सुटायच्या बेतात होती. मोठ्या बाईंना पळत येताना बघून स्टेशनमास्तरांनी हातातलं हिरवं निशाण पटकन पाठीमागे लपवलं. कारण विचारायचं धाडस त्यांनी केलं नाही. मी आज्जींबरोबर गेले. बाईंना आज्जींनी डब्याजवळही येऊ दिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाला बघताक्षणी सलाईन लावलं. पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ रडलं. इतके दिवस ते नुसतं कण्हत होतं. हे मात्र खरंखुरं रडणं होतं, चिडलेलं. सून खाली बसून हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदके आले. पाण्यातलं दूध बंद झालं. सुनेचं दूध जड नाही, हे डॉक्टरांनी आज्जींना चांगलं खडसावून सांगितलं. "इतका उशीर केलात, पण आणलंत ते बरं केलंत," असंही म्हणाले. "कोणी पाठवलं?"

"कोन धाडतंय?" आज्जी म्हणाल्या. "त्या बाईनं नजर लावली. मी व्हते म्हनून आनलं."

मी गावात परतले तर इकडे साहेबांचं पत्र आलेलं. अपात्र बालकास प्रथम क्रमांक का देण्यात आला, याचा तीन दिवसांत खुलासा करावा. सरपंचांची लेखी तक्रार सोबत जोडलेली. बाईंच्या निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली होती. मला भीती वाटली. मी म्हटलं, आपण सगळं सविस्तर लिहू या, वजनाची युक्ती, आज्जी, सगळं.

"साहेबाला ह्ये कळंल का गं?" बाई म्हणाल्या. "त्यो शिकल्याला हाय. तू लिव्ह. मी सांगतो."

त्यांनी एकच ओळ सांगितली: 'सदर क्रमांक नजरचुकीने दिला गेला.'

साहेबांनी त्यावर 'पुन्हा असे घडू नये' असं लिहून फाईल बंद केली. खुळखुळा सरपंचांच्या घरी पोचवण्यात आला. त्यांच्या नातवानं तो दोन दिवसांत चावून मोडला.

तीन आठवड्यांनी रंगूआज्जी नातवाला घेऊन परतल्या. बाळाच्या गालावर थोडं मांस आलं होतं. त्यानंतर बाई दिसल्या की आज्जी रस्ता बदलत. नातू कडेवर असेल तर त्याच्या तोंडावर पदर. सगळ्या गावाला सांगत, 'लय वाईट नजर हाय तिची, माज्या पोराला खाल्लंच हुतं.' वजनाला सून यायची, तीही बुधवार सोडून, बाई फिरतीवर असतील तेव्हा.

मला ते सहन होईना. मी बाईंना म्हटलं, "मी सांगते आज्जींना. तुम्ही वाचवलंत त्याला, आणि त्या तुम्हालाच..."

"आजाबात सांगू नगंस," बाई एकदम कडक झाल्या. "तिला वाटतंय, तिनं वाचवला. आज्जीनं वाचवल्यालं पोर हाय ते. आता बग, त्याला कशी जपंल. खरं सांगितलंस तर काय हुईल? म्हातारीला रातीला झोप लागनार न्हाई, आपल्या हातानं पानी पाजत हुतो म्हनून. काय मिळंल त्यात?"

बाई निवृत्त झाल्या तेव्हा सगळा गाव एस.टी.च्या थांब्यावर आला होता. सरपंचांनी हार घातला. स्टेशनमास्तर डोळे पुसत उभे होते. बाईंनी त्यांच्या कोटाच्या खिशाला पिन लावली. शिराळ्याची गाडी यायची होती.

एवढ्यात मला पिठाच्या गिरणीशेजारी रंगूआज्जी दिसल्या. दळण घेऊन चालल्या होत्या, आणि पुढे तीन वर्षांचा नातू. थांब्यावर बाई आहेत हे लक्षात येताच आज्जी जागच्या जागी थबकल्या. बाईंनीही त्यांना पाहिलं. आणि लगेच, हातातली पिशवी सावरल्यासारखं करून, गिरणीकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"सांगलीकर," पाठ फिरवूनच हळू आवाजात म्हणाल्या, "त्यो हाय न्हवं का तिचा नातू?"

"तोच आहे."

"मी बगत न्हाई. म्हातारीचा जीव टांगनीला लागंल. तूच बग. पाय सरळ हाईत का त्येचं?"

मी पाहिलं. "सरळ आहेत."

"पोट मोठं दिसतंय?"

"नाही."

"नीट बग. चालतोय कसा?"

"चालत नाहीये बाई," मी म्हटलं. "पळतोय. आज्जींच्या हातातून सुटलाय, आणि आज्जी दळण खाली ठेवून त्याच्या मागे पळतायत."

बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गाडी आली होती. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि गिरणीकडे न बघताच वर चढल्या. खिडकीची जागा मिळत होती, पण ती गिरणीच्या बाजूची होती. बाई पलीकडच्या बाजूला जाऊन बसल्या.